दोनदा नापास झालेला इंजिनियर

माय, आज सकाळी सुरतेहून तुझ्या नातीचा फोन आला आणि तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. ही नात तू पाहिलेली नाहीस, तू गेल्यानंतर भावाला झाली. लिंबायतच्या आपल्याच घरात राहते, डिप्लोमा करून एका मिलमध्ये नोकरीला लागली आहे आणि बोलते अर्धं मराठी, अर्धं गुजराती. "आत्या, जॉब चालू ठेवून इंजिनियरिंगची डिग्री करायची आहे. ऑनलाइन. चाले ने?" गेली कित्येक वर्षं मी पेपरात दर आठवड्याला मुलांच्या असल्याच प्रश्नांना उत्तरं देते. संस्था सरकारच्या यादीत आहे का, मान्यता नेमकी त्याच कोर्सला आणि त्याच वर्षासाठी आहे का, प्रात्यक्षिकं कुठे होतात, हे सगळं मला पाठ आहे. ते मी विचारलंच. पण सगळ्यात आधी तोंडून निघून गेलं ते हे, "तिथे कुणी नापास होतं का गं?" ती म्हणाली, "आत्या, शुभ शुभ बोल ना!" म्हटलं, चौकशी कर आणि सांग. फोन ठेवला आणि मी एकटीच हसत सुटले. तो प्रश्न माझा नव्हताच ना. संध्याकाळपर्यंत सदराचा मजकूर पाठवायचा आहे आणि मी तुलाच लिहीत बसले आहे.

तुला तो रविवार आठवतो का? मला तर ती खोली आत्ताही दिसते आहे. एरवी खोलीच्या मधोमध टिकल्या चिकटवायला आलेल्या साड्यांचा ढीग असायचा, तुझ्या बोटांना डिंक आणि पदरावर चुकार टिकल्या. शेठचा माणूस नवा माल घेऊन आला की तू आधी विचारायचीस, "मागचा माल कुठून परत आला?" तो म्हणायचा, "अरे बाई, कुठे कुठे गेला ते विचार ना!" तू म्हणायचीस, "गेला ते तू सांगशीलच. परत आला ते बोल." नव्वदीतली ती वर्षं. माझा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झाला होता आणि पांडेसऱ्यातल्या एका मिलच्या ऑफिसात बसून मी मीटरचे आकडे उतरवून घेत होते. मला पुढे शिकायचं होतं, इंजिनियर व्हायचं होतं. पण कॉलेज म्हणजे आणखी काही वर्षं बिनपगारी, आणि आबांच्या लूमच्या खात्यात, त्या मागांच्या कारखान्यात, कधी काम असायचं, कधी नसायचं. आबांनी विषय संपवला होता, "डिप्लोमा झाला, पुष्कळ झालं." मग मी पेपरातली एक जाहिरात कापून तुझ्यासमोर ठेवली. घरबसल्या इंजिनियर व्हा. तू ती माझ्याकडून वाचून घेतलीस आणि शेजारच्या भिंतीकडे बघितलंस. त्या भिंतीपलीकडे शेजारणीच्या थोरल्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून टांगलेलं होतं, सोनेरी शिक्क्याचं. टपालाने मागवलेलं. ना अभ्यास, ना परीक्षा, पैसे पाठवले की कागद घरी. भरतीच्या ऑफिसातल्या माणसाने तो कागद पुढून बघितला, मागून बघितला आणि पोराच्या हातात परत दिला होता. "तसला कागद आपल्या घरात नको," एवढंच तू म्हणालीस. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही.

आणि त्याच आठवड्यात तू सांगितलंस की रविवारी मला बघायला मुलगा येणार आहे. सुरतेतल्याच गोडादऱ्याचे लोक, मूळचे आपल्याकडलेच, खानदेशातले. मुलगा इंजिनियर आहे, पण कॉलेजात न जाता झालाय. आबा म्हणाले, "कॉलेजात न जाता? मग कसला इंजिनियर?" तू म्हणालीस, "येऊ तर दे. बघायला काय जातं?" मला वाटलं, झालं, माझं शिक्षण आता कांदेपोह्यांवर संपणार.

ते तिघं आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. सगळं बोलणं मामाच्या तोंडी होतं. मी पोह्यांच्या बश्या ठेवून आत आले आणि पडद्याआड उभी राहिले. मामा सांगत होते, "आमच्या भाच्याला कॉलेज लागलंच नाही बघा! इंजिनियरांची जुनी संस्था आहे, तिची परीक्षा दिली. नोकरी करता करता. डोकं म्हणजे काय डोकं!" तू मामांकडे बघितलंसुद्धा नाहीस. मुलालाच विचारलंस, "वर्ग नाहीत, तर शिकवतं कोण?" तो म्हणाला, "कुणीच नाही, मावशी. पुस्तकं आणायची, आपणच वाचायचं. परीक्षेला मात्र केंद्रावर जाऊन बसायचं. दोन भाग असतात. दोन्ही सुटले की सरकार पदवीच्या बरोबरीचं धरतं." आबांनी मान डोलावली, त्यांच्या दृष्टीने चौकशी संपली होती. तू जरा पुढे सरकलीस आणि विचारलंस, "आणि कुणी नाही धरलं? कागद परत कुणी केला?"

मामांना ठसका लागला. मुलगा मात्र विचार करून बोलला. "एका मोठ्या कंपनीने केला, मावशी. म्हणाले, कॉलेजचं नाव लिहा, आणि ते माझ्याकडे नव्हतं. सरकारी भरतीत चालला. माझ्याबरोबरचा एक जण त्याच कागदावर पुढे एम.ई.ला गेला." तू लगेच पुढचं विचारलंस, "तू किती खेपांत सुटलास?" आता त्याची आई चुळबुळ करायला लागली. मामा म्हणाले, "अहो ताई, ते जाऊ द्या, झाला ना शेवटी!" पण तो मुलगा सरळ म्हणाला, "पहिल्या भागात दोनदा नापास झालो. गणितात. लई जण होतात. निम्मे तर सोडूनच देतात."

माय, तुझा चेहरा त्या वेळी जो फुलला, तो मी पडद्याच्या फटीतून बघितलाय. "नापास करतात?" तू विचारलंस. "करतात की, मावशी. दया-माया नाही." "खरंच करतात?" "खरंच." तू उठलीस, आत आलीस, कढई उपसून त्याच्या बशीत पोह्यांचा डोंगर केलास आणि वर खोबरं भुरभुरलंस. बाहेर मामांनी बहिणीकडे बघून भुवया उडवल्या असणार, कारण दोनदा नापास झालेल्या मुलाला दुप्पट पोहे वाढणारी सासू त्यांनी जन्मात बघितली नसेल. आणि मग तू तो शेवटचा प्रश्न विचारलास, "पोरींना बसू देतात का परीक्षेला?"

मला तेव्हा कळलं, तू कशासाठी विचारते आहेस ते. तिकडे मुलाच्या आईला काही वेगळंच कळलं. ती खुलून म्हणाली, "अहो विहीणबाई, असं आडून कशाला विचारता? लग्नानंतर शिकू द्या, असंच ना? शिकू दे की! आमचं काही म्हणणं नाही. उलट दोघं मिळून बसतील अभ्यासाला." मामांनी पिशवीतून नारळ आणि सुपारी काढलीसुद्धा. आबा उठून टोपी नीट करायला लागले. एवढ्यात तू हात वर केलास. "थांबा. जरा थांबा." सगळे थांबले. "पोऱ्या बेस शे," तू म्हणालीस. "सोन्यासारखा आहे. पण मी लग्नाचं नाही, त्या कोर्सचं विचारत होते. माझ्या पोरीला करायचाय."

मामा नारळ हातात धरून तसेच राहिले. "म्हणजे? आम्हाला काय चौकशीची खिडकी समजलात?" तू हात जोडलेस. "रागावू नका, भाऊ. आधी हिला नापास होऊ द्या, पास होऊ द्या. मग लग्नाचं बघू." पहिला हसला तो मुलगा. असा हसला की त्याच्या आईलाही हसू आवरेना. जाताना चपला घालता घालता तो म्हणाला, "मावशी, फॉर्म मी आणून देतो. पुस्तकंपण देतो. मला आता कशाला लागतात?" ते गेल्यावर आबांनी घर डोक्यावर घेतलं. "लोकांना घरी बोलावून कोर्सची चौकशी करतात का?" आणि तू बश्या गोळा करत म्हणालीस, "मग कुठे करायची? आपल्या ओळखीत दुसरा इंजिनियर होता का?" रात्रीपर्यंत आबाच विचारायला लागले, फॉर्म कधी येणार म्हणून.

पुस्तकं खरंच आली. सायकलच्या कॅरियरला बांधून तो घेऊन आला, तुला नमस्कार करून गेला. त्याच्या घरच्यांना वाट बघायची नव्हती. त्याच उन्हाळ्यात त्याचं दुसरीकडे लग्न झालं. त्याच्या पुस्तकांत समासात जागोजागी लिहिलेलं होतं, 'इथे चुकलो'. मी त्याच्या चुका वाचून शिकले आणि तरीही पहिल्या वेळी गणितात आपटले. निकाल घेऊन रडत घरी आले, तर तू भिंतीवर थापा मारून शेजारणीला हाक मारलीस, "ओ बहीण! मन्ही पोर नापास व्हयनी!" अगदी पेढे वाटण्याच्या आवाजात. मी रडता रडता हसले. नंतर मी सुटले, दोन्ही भागांत. कागद दोन ठिकाणांहून परत आला, तिसरीकडे चालला, आणि त्या तिसऱ्या ठिकाणी मी पुष्कळ वर्षं काढली, लिहायला लागेपर्यंत.

हे लिहीत असतानाच नातीचा पुन्हा फोन आला. नुसती चिवचिव. "आत्या, यादीत नाव आहे! तास ऑनलाइन, पण प्रॅक्टिकल आणि परीक्षा कॉलेजात जाऊन द्यायची. आणि ऐक ना, माझी मैत्रीण आहे तिथे. ती म्हणते, मॅथ्समध्ये निम्मा वर्ग उडाला! आता काय करायचं?" मी इतक्या जोरात टाळी वाजवली की ती घाबरली. "घे अॅडमिशन," मी म्हटलं. "पण आधी एक कर, त्यांचा कागद परत कुणी केला तेही विचार." "आत्या, तू ना साव गांडी छे," ती म्हणाली आणि हसायला लागली. साव वेडी म्हणाली मला. तुझी नात आहे.

आता हे बाजूला ठेवते आणि सदर लिहायला घेते. त्यात तुझे दोन्ही प्रश्न जातील, माझ्या नावावर, नेहमीसारखे. इतकी वर्षं सगळ्यांना मी हेच सांगत आले की त्या रविवारी पडद्याआड उभी राहून मी देवाचा धावा करत होते, कसंही करून हे जुळू नये म्हणून. तू त्याला किती खेपांत सुटलास विचारेपर्यंत ते खरं होतं. पण त्या मुलाने, मामा डोळे वटारत असताना, मी दोनदा नापास झालो म्हणून सांगितलं ना, त्यानंतर मी धावा थांबवला होता. तू "थांबा" म्हणाली नसतीस, माय, तर मी हो म्हटलं असतं.