एकतिसावा दिवस

१७ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी माईंना न्हाऊ घालताना पुन्हा तेच. "ही मला बुडवते" म्हणून ओरडल्या, तांब्या माझ्या अंगावर फेकला. मी दंडाला धरून पाटावर बसवलं. जरुरीपेक्षा जोरात. चार बोटं उठली.

माई, माझी नणंद, त्र्याऐंशीच्या. मी कोण हे त्यांना दिवसातून दोनदाच आठवतं. मी सदुसष्ट. मला सगळं आठवतं, लग्नानंतर पहिल्या वर्षी माझी आमटी चाखून न बोलता मोरीत ओतली होती, तेसुद्धा.

दुपारी सुनंदा धुण्याला आली. "बाई, ह्यांच्या हाताला काय झाला?"
"कॉटला लागलं."
खोटं. ती खोबरेल चोळत बसली.

ऑगस्टपासून हे सहाव्यांदा. प्रत्येक वेळी गुडघे टेकले, रडले, शब्द दिला. रडण्याचा कंटाळा आला आता.

उद्यापासून ईस्टरआधीचा उपवासकाळ. बत्तीस वर्षं गणित शिकवलं, वर्ग हूं की चूं करत नसे. स्वतःला शिस्त लावता येऊ नये? चाळीस दिवस हात नाही, जीभ नाही. चाळीस पुरे होतात झावळ्यांच्या रविवारी, ईस्टरच्या आदल्या रविवारी. मग ईस्टरला चर्चमध्ये प्रभुभोजन घेईन, भाकर आणि रस. ऑगस्टपासून घेतलेलं नाही. त्याआधी घेणारही नाही.

१८ फेब्रुवारी, बुध.
दिवस १. न्हाणीत जाण्याआधी वीस आकडे मोजायचे. सकाळचा चहा बंद. माई "वसंत आला का?" विचारतील तेव्हा "येतील" म्हणायचं, "मेले" नाही. (वसंत म्हणजे माझे यजमान, माईंचा धाकटा भाऊ. जाऊन सहा वर्षं झाली. आज अकरा वेळा विचारलं. अकरा वेळा "येतील".)
कॅलेंडरवर पेन्सिलीनं बरोबरची खूण.

२४ फेब्रु.
दिवस ७. उशीच्या अभ्र्यात तीन पोळ्या सापडल्या, मुंग्यांसकट. वीस मोजले. पुन्हा वीस. खूण.
चहाशिवाय डोकं दुखतं.

२८ फेब्रु., शनि.
उद्या महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजनाचा. काळ्या मनुका भिजत घातल्या, संध्याकाळी उकळून रस गाळला. सासूबाई करायच्या, मग माई, आता मी. प्रभुभोजनाचा रस आमच्याच घरातून जातो, चव कशी आहे एवढं पाहण्यापुरता जिभेला लावते. त्याला घेणं म्हणत नाहीत.

१ मार्च, रवि.
दिवस १२. चर्चमध्ये रसाच्या पेल्यांचा ट्रे आला, मी न घेता पुढे दिला. शेजारच्या बाई दर वेळी बघतात. त्यांना सांगून ठेवलंय, साखर वाढली आहे.

दुपारी चर्चचे पाळकसाहेब माईंना प्रभुभोजन द्यायला घरी आले. पोरगेलाच आहे, नगरकडचा. माईंनी भाकरीचा तुकडा चघळला आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे." तो हसला, मीही हसले.

मग मी विचारलं, "त्यांना काय कळतं? त्यांना कसं देता?"
"मला तरी किती कळतं, बाई? तुम्ही?"
"माझी साखर."
"चमचाभर रसानं?"
गप्प राहवेना. म्हटलं, "माझ्या हातून एक गोष्ट होते आहे. ती थांबली की घेईन."
"आणि नाही थांबली तर?"
"थांबेल. बारा दिवस झाले."
"प्रभूचं हे मेज पास झालेल्यांचं नाही हो."
"मग कोणाचं? नापासांना पेढे वाटायचे?"
"जवळजवळ तसंच."
"तुमच्या पिढीला सगळं सोपं करून हवं असतं."
"सोपं कुठंय?" तो म्हणाला. "आत्ता घ्या म्हटलं तर तुम्हाला हात पुढे करता येत नाहीये."
सलाम करून गेला. आगाऊ आहे.

२ मार्च
सुनंदा शिमग्याला गावी गेली, पालीच्या पुढे. "बाई, पालखी घरी यायची हाय. मी नसून चालायचा नाय. आठ दिस." शहरातही ढोल सुरू. माई ढोल ऐकून विचारतात, कोण गेलं?
आठ दिवस घरात आम्ही दोघीच.

६ मार्च
दिवस १७. न्हाणीत शिव्या. नर्सच्या नोकरीत इतक्या शिव्या कुठे शिकल्या देव जाणे. ओठ दाबून होते, सुटला नाही शब्द. खूण.
पाठ धरली आहे.

१० मार्च, मंगळ.
दिवस २१. सुनंदा आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, किती वाळलाव! तुमी काय पालखी नाचवलीव काय?"
ऑगस्टपासून हात आणि जीभ दोन्ही एवढे दिवस सलग कधी आवरले नव्हते. म्हणजे होतं. मनावर घेतलं तर होतं. पाळकसाहेबांना सांगायला हवं.
प्रार्थनेला बसले. मागण्यासारखं काही सुचलं नाही. लवकर उठले.

१३ मार्च
दिवस २४. प्रीतीचा पुण्याहून फोन. "आई, आवाज किती दमलाय तुझा. मिरजेजवळचं एक घर बघून आलेय मी, आत्यासाठी. चांगल्या बायका आहेत तिथे."
"मला जमतंय."
"जमतंय म्हणजे काय गं?"
"चोवीस दिवस झाले," म्हणाले. ती म्हणाली, "कशाचे?" मी दुसरा विषय काढला.

१८ मार्च
दिवस २९. उकाडा. माईंनी दूध सांडलं. वीस मोजताना लक्षात आलं, मी माईंकडे बघत नाही हल्ली. आकड्यांकडे बघते. बरंच आहे. बघितलं की राग येतो.

२० मार्च, शुक्र.
लिहायचं नव्हतं. लिहिते.

न्हाणी. कडी आतून लावलेली, नेहमीसारखी, त्या उठून बाहेर पळतात म्हणून. साबण लावू देईनात. मी मनगट धरलं, हलकंच धरलं होतं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, ओळखून पाहिलं, आणि म्हणाल्या, "मारशील? मार. मारतेसच."

म्हणजे आठवतं त्यांना.

मी ओरडले, "एकतीस दिवस! एकतीस दिवस तुला बोट लावलं नाही मी!" आणि थोबाडीत मारली.

ओठातून रक्त आलं. सहा वेळांत थोबाडीत कधी नव्हती. बेचाळीस वर्षांत माईंना अगं-तुगं कधी केलं नव्हतं.

सुनंदा मागच्या दारी धूत होती. "बाई, कडी काडा. बाई." काढली. तिनं माईंना माझ्या हातातून घेतलं, पदरानं ओठ पुसला, कोरडं केलं, पातळ नेसवलं. मी ओल्या पाटावर बसून होते.

जाताना म्हणाली, "माझ्या सासूला मीपण दिली व्हती एकदा. नंतर दाराला कडी लावायचा सोडला."
"का? कोणी बघेल म्हणून हात आवरतो?"
"तसा नाय वो. बंद जागेत डोका फिरतो मानसाचा."

२१ मार्च
दिवसाला आकडा नाही.

सकाळी माईंचे केस विंचरायला फणी उचलली. त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले. पाच मिनिटांनी विसरल्या, म्हणाल्या, "नर्स, अंबाडा घट्ट घाल." हात मात्र विसरले नाहीत. फणी पुन्हा उचलली तर पुन्हा वर.

२२ मार्च, रवि.
चर्चला गेले नाही. साखर म्हणून निरोप पाठवणार होते, नाही पाठवला. काहीच कळवलं नाही.

दोन दिवस एकच गोष्ट डोक्यात. मी माईंना मारलं ते साबणासाठी नाही. त्यांनी माझे एकतीस दिवस मोडले म्हणून. "मारतेसच" म्हणाल्या आणि माझ्या सगळ्या खुणा पुसल्या गेल्या, म्हणून. म्हणजे एकतीस दिवस मी त्यांना जपत नव्हते. कॅलेंडर जपत होते. पाप सोडायला निघाले होते आणि त्याच मेहनतीतून याआधीच्या सहांपेक्षा मोठं पाप निघालं.

मग मेहनत करायचीच नाही? हात मोकळा सोडायचा आणि विश्वास ठेवायचा? हेही पटत नाही. असे विश्वास ठेवणारे पुष्कळ पाहिले आहेत, रविवारी डोळे मिटून आणि सोमवारी जसेच्या तसे.

२४ मार्च
पाळकसाहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. सहा वेळा, सातवी थोबाडीत. कॉटचं खोटं. साखरेचं खोटं. त्याची बायको चहा घेऊन दारापर्यंत आली आणि तशीच परत गेली.

वाटलं होतं, "प्रभू क्षमा करतो" म्हणून मोकळा होईल. नाही झाला. खुर्ची पुढे ओढली. मग, "प्रीतीताईंना सांगितलंत?"
"नाही."
"आधी ते. माईंना धोका आहे, बाई. तो आधी."
बरं वाटलं, खरं सांगायचं तर. कोणीतरी स्पष्ट बोललं.
"आणि मंडळीतल्या दोघीजणी एक दिवसाआड सकाळी येतील. नाही म्हणू नका."
"कळेल सगळ्यांना."
"कळेल."

निघताना विचारलं, "आणि ईस्टर?"
"या ना."
"चाळीस झाले नाहीत. घेतलं आणि सोमवारी पुन्हा हात उठला, तर?"
"माहीत नाही मला. उठेलही." मग डोकं खाजवत म्हणाला, "राग मानू नका. तुम्ही प्रभूला मदतनीस म्हणून ठेवलंय, बाई. मुख्याध्यापिका तुम्हीच."

राग आला. चालत घरी आले, रिक्षा केली नाही. चढ संपेपर्यंत उत्तरं शोधत होते.

२६ मार्च
प्रीतीला फोन. माई शेजारच्या खोलीत झोपलेल्या.
"मारलंस? म्हणजे, आई, मारलंस?"
"हो. सात वेळा."
मग, "मला का नाही सांगितलंस?"
"आधी बरी होऊन मग सांगणार होते."
रडली. मी नाही. सोमवारी, सहा तारखेला येते. माईंना इथे ठेवायचं की मिरजेला, ती बघून ठरवणार. म्हटलं, तूच ठरव. माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

वसंतना मी शब्द दिला होता, माईंना शेवटपर्यंत घरात ठेवीन. आणि प्रीतीच्या वेळी मी बाळंतपणात गेलेच होते जवळजवळ, तेव्हा तेरा दिवस सुट्टी टाकून माई माझ्या उशाशी होत्या. बोलणं कडू, हात मऊ. माझं बरोबर उलट झालं आहे. एकतीस दिवस बोलणं गोड होतं माझं, आणि हात उठला.

त्या मिरजेला गेल्या तर. घर रिकामं. हात मोकळे. तसं हवंय का मला? कधी कधी हवंय. हेही लिहून ठेवते.

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार
गेले. मागे बसले. आजचा चाळिसावा असता.
शेजारच्या बाईंना सांगितलं, साखर नव्हती वाढली. "मग काय?" "माझा हात उठतो माईंवर." बाईंनी झावळी खाली ठेवली. उठून जातील वाटलं. म्हणाल्या, "बुधवारी मी येते सकाळी." फारसं बघत मात्र नव्हत्या माझ्याकडे.

१ एप्रिल, बुध.
त्या आल्या. आम्ही दोघींनी न्हाऊ घातलं. माईंनी त्यांनाच चावा घेतला. बाई म्हणाल्या, "अगं आई गं, दात अजून पक्के आहेत की!" मला हसू आलं, मग त्यांनाही. बऱ्याच दिवसांनी न्हाणीत कोणी हसलं.

त्या गेल्यावर दमून पडले. चहा केला. दोन कप.

३ एप्रिल, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे)
तीन तासांची उपासना. माईंजवळ सुनंदा. प्रभूच्या क्रुसावरच्या सात वचनांवर सात प्रवचनं, त्यातलं पाचवं झोपेत गेलं.

५ एप्रिल, ईस्टर
घेतलं.

ट्रे आला, पुढे द्यायची सवय इतकी की हात आपोआप बाजूला वळला. परत आणला. पेला उचलताना थोडा सांडला. काही वाटलं नाही. उजेड नाही, शांती नाही. रस काल जास्त उकळला गेला होता, जरा तुरट. पात्र नसताना घेतलं, एवढंच समजत होतं, आणि पात्र असते तर ते माझंच कर्तृत्व झालं असतं हेही. पाळकसाहेबानं बाहेर नुसता हात हातात घेतला. शहाणपणा.

६ एप्रिल, सोमवार
आज न्हाणीला कोणी नव्हतं. सुनंदाचा निरोप, उशीर होईल. प्रीती दुपारी पोचते. माई रात्रभर ओल्यात होत्या, थांबता येत नव्हतं.

सकाळी प्रार्थनेत शब्द दिला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "मला हे येत नाही, तू कर", एवढंच. हा विश्वास की नुसता थकवा, सांगता येणार नाही.

न्हाणीचं दार सताड उघडं ठेवलं. समोर पडवी, पलीकडे रस्ता. मध्ये पडद्याला माझं जुनं लुगडं.
"दार लाव, वारा येतो."
"नाही माई. उघडंच राहू दे."
"लाज नाही तुला?"
"आहे."

पहिला तांब्या पायांवर घातला. ओरडल्या. दुसऱ्याला माझे केस धरले, ओढले, सोडीनात. हात उठला. तांब्यासकट वर गेला, मी पाहिला. मग खाली आला आणि पाणी त्यांच्या खांद्यावर पडलं. केस त्यांच्या मुठीतच होते.

कोणी खाली आणला, मला माहीत नाही. मी वीस मोजले नव्हते. दार उघडं होतं, त्यामुळे असेल. नसेलही.

पुसून, पातळ नेसवून उन्हात बसवलं आहे. फणी मी उचलली नाही, त्यांच्याच हातात दिली. एका बाजूनं विंचरताहेत.

प्रीतीला सांगायचं, आज मारलं नाही. आणि हात उठला होता, हेही सांगायचं. मग तिनं ठरवावं.