रॉडच्या ओव्हनमधले डबे

२ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. रोज वेल्डिंगचा एक नियम लिहायचा आणि पाळायचा. चोवीस वर्षं झाली या धंद्यात. हे ज्ञान कुठेतरी साठायला हवं.

नियम पहिला. रॉड कोरडा हवा. दमट रॉडमधला हायड्रोजन जोडात शिरतो आणि आतून क्रॅक पाडतो. बाहेरून जोड हसत असतो. म्हणून रॉड गरम ओव्हनमध्ये ठेवतात. आमच्याकडेही ओव्हन आहे.

सध्या त्यात डबे असतात. कल्पना माझी. अकराला रॉड बाहेर, पाण्याच्या कूलरशेजारच्या कट्ट्यावर. बारा जणांचे डबे आत. जेवणं झाली की रॉड परत आत. बहुतेक वेळा. माणसाने गरम जेवावं.

३ मार्च, मंगळवार
साच्यांच्या खात्यात क्रेनला एक आडवा बीम टांगलेला आहे. बीमला वर एक कडी. तिच्यात क्रेनचा हुक अडकतो. साडेसहाशे किलोचा साचा त्या एका कडीवर उचलला जातो. ती आज चिरलेली सापडली. सुपरवायझरने मला बोलावलं. साहजिक आहे.

साच्याखाली मेहुणा काम करतो. बायकोचा धाकटा भाऊ, फिटर. साचा लटकत असताना खाली वाकून तो त्याला जागेवर आणतो. म्हणाला, भाऊजी, नीट चिकटवा बरं का, माझी मान असते तिथे. मी म्हणालो, चिकटवतात ते कागद. मी जोडतो.

नियम दुसरा. धातू ओळखल्याशिवाय रॉड लावू नये.

४ मार्च, बुधवार
कडी घासायला घेतली. ठिणग्या फार फुटत होत्या, प्रत्येकीला फांद्या. ग्राइंडरवाले काका चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, हे साधं लोखंड नाही रे, यात कार्बन बराच आहे, आधी तापवून घे. नाहीतर काचेसारखं तडकेल.

तापवायचा गॅसचा टॉर्च दुसऱ्या खात्यात. त्याला तीन सह्या लागतात. मी कडीवर हात ठेवून पाहिला. खिडकीतून ऊन येत होतं. कडी उबदार होती. चोवीस वर्षांचा हात म्हणजे थर्मामीटरच.

साडेबाराला काम. रॉड कट्ट्यावर होते. थोडे गार लागले. रुमालाने पुसून घेतले.

जोड देखणा झाला. माशाच्या खवल्यांसारखा. सुपरवायझरला दोनला बीम हवा होता, म्हणून पंखा लावला. जोड सावकाश थंड होऊ द्यावा, हा नियम मला माहीत आहे. पंखा एकवरच ठेवला होता.

दीडला पिवळा रंग दिला.

५ मार्च, गुरुवार. सकाळी १०.१०
बीमखाली उभा असताना आवाज आला. टिक.
घड्याळ असावं.

दुपारी
त्या खात्यात घड्याळ नाही. छताचे पत्रे उन्हाने आवाज करतात.

काका म्हणाले, अशा धातूचा क्रॅक दोन दिवसांनीही उमटतो. उद्या रंग खरवड, लाल औषध लाव, पांढरी पावडर मार. चीर असेल तर लाल रेघ दिसेल. मी म्हणालो, रंग कालच दिलाय. काका म्हणाले, रंग दिल्यावर सगळेच जोड देखणे.

रिटायरमेंट जवळ आली की माणूस कडवट होतो.

७ मार्च, शनिवार
मेहुणा घरी आला होता. बायको त्याला म्हणाली, यांनी जोडलेल्या खुर्चीवर बसू नकोस, ती भिंतीला टेकवूनच ठेवावी लागते. तो म्हणाला, ताई, मी तर यांनी जोडलेल्या बीमखाली उभा राहतो. दोघं हसली. मग बायको हसायची थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, अहो, तो जोड नीट आहे ना?

मी म्हणालो, हातच्या कांकणाला आरसा कशाला.

खुर्चीचा पाइप पातळ होता. ती गोष्ट वेगळी.

९ मार्च, सोमवार
जोडाच्या कडेला रंगात एक रेघ. केसाएवढी. ब्रशचा केस असणार. नखाने काढायला गेलो, निघेना. म्हणजे रंगात रुतलाय. वरून एक हात मारला.

आज नियम लिहायला वेळ नाही.

१० मार्च, मंगळवार
नियम. शंका आली तर काम थांबवावं.

शंका नाही. तरी मेहुण्याला म्हणालो, उगीच साच्याखाली वाकत जाऊ नकोस. का, म्हणाला. म्हटलं, पाठीला बरं नसतं. म्हणाला, भाऊजी, माझी पाठ तुमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरुण आहे.

माणसाच्या चांगल्याचं सांगावं, तर हे असं.

१२ मार्च, गुरुवार
केस परत दिसतोय. सोमवारी एक पेर होता. आज दोन.

उद्या सुपरवायझरला सांगणार. नक्की. आज तो तापला होता. तापल्या माणसाला लगेच हात लावू नये.

१३ मार्च, शुक्रवार. सकाळी ११
सांगायला गेलो. दार बंद, आत मीटिंग. दोनदा टकटक केली. हळू केली, त्रास नको म्हणून. जेवण झाल्यावर सांगतो.

रॉड काढून डबे आत लावले.

त्याच दिवशी, संध्याकाळी
बारा वाजून दहा मिनिटांनी कडी तुटली. साचा खाली आला. फरशीत वीतभर खड्डा पडला, मेहुणा जिथे वाकतो तिथेच.

मेहुणा तिथे नव्हता. साचा लटकता सोडून ओव्हनकडे गेला होता. त्याचा डबा मागच्या रांगेत होता. पुढचे काढता काढता वेळ गेला. लटकता साचा सोडून जाणं नियमाविरुद्ध आहे. मी त्याला तसं काही बोललो नाही.

तो डबा हातात धरून खड्ड्यापाशी उभा होता. मग त्याने डबा जमिनीवर ठेवला.

काकांनी तुटलेली कडी उजेडात धरली. जोडाची कड काळसर, मध्ये नाण्याएवढा भाग चकचकीत. म्हणाले, चकचकीत तेवढं आज तुटलं. बाकीचं कधीच तुटलेलं होतं. मग मला म्हणाले, तुला दिसलं होतं का?

मी म्हणालो, ब्रशचा केस होता.

१६ मार्च, सोमवार
ओव्हनला कुलूप. किल्ली काकांकडे. आत फक्त रॉड.

मला कुंपणाच्या पट्ट्या रंगवायला दिल्यात. पिवळ्या. तात्पुरतं असावं.

बायकोने डबा भरून दिला. खुर्ची अंगणात नेऊन ठेवलीय.

एक गोष्ट कुणाच्याच लक्षात येत नाही. डबे ओव्हनमध्ये ठेवायची कल्पना कुणाची होती? ती नसती तर मेहुणा बारा वाजून दहा मिनिटांनी कुठे असता? हे कधीतरी शांतपणे सांगायला हवं.

दुपारी मेहुणा पलीकडच्या बाकावर जेवायला बसला. मी हाक मारली. ऐकू गेली नसावी.

डबा गार होता.