पाळण्यापुढचा शब्द

अण्णा, उद्या मामा सुपारी फोडायला येणार होते. आता येणार नाहीत. मीच नको म्हणालो, तेही त्यांच्या तोंडावर. दादा कालपासून माझ्याशी बोलत नाही. आई बोलते, पण ताट आदळून.

तुम्हाला जाऊन तीन वर्षं होऊन गेली, तरी या घरातला प्रत्येक निर्णय तुम्हीच घेता. मी म्हटलं, आपल्या मंडपाच्या धंद्याला आता निळं कापड घेऊ, तर दादा म्हणाला, अण्णा असते तर घेऊ दिलं नसतं. झालं, कापड लालच आलं. आईच्या गुडघ्याला डॉक्टर नको, कारण अण्णा असते तर आधी तेल लावून बघितलं असतं. आता तर तुमची नात, दादाची पोरगीही हे शिकलीय. परवा दुकानात पाय आपटत मला म्हणते, "आबा असते तर मला कुरकुरे दिले असते." तिचं एकटीचं मात्र खरं आहे. तुम्ही दिलेच असते, आईची नजर चुकवून. गाद्यांच्या थप्पीवर तुमच्या पोटावर डोकं ठेवून ती झोपायची, हे तिला आठवतं की आम्ही सांगितलेलं ती आठवतेय, कोण जाणे.

मी होस्टेलात मारामारी करून, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष अर्धं टाकून बॅग घेऊन घरी आलो, त्या दिवशी मला वाटलं होतं तुम्ही पट्टा काढणार. तुम्ही टेम्पोत बसायला सांगितलं. वडवणीच्या बाहेर एका शेतात लग्नाचा मांडव घालायचा होता. मी पाइपावर चढलोय, ऊन डोळ्यात जातंय, आणि तुम्ही खालून विचारताय, "कॉलेजनं तुला सोडलं का तू कॉलेजला?" मी म्हणालो, मी. "मग तोंड कशापायी पाडलंस? गाठ नीट मार. खाली वऱ्हाड बसणार हाय." एवढंच. कॉलेजबद्दल पुन्हा अक्षर काढलं नाही. मी मात्र रोज वाट बघत राहिलो की आज बोलतील, उद्या बोलतील. तुमच्याशी एक मोठं भांडण व्हायचं बाकी आहे, असं मी धरूनच चाललो होतो. मग एके दिवशी मांडवाच्या कडेच्या कनाती टेम्पोत चढवताना तुम्ही गठ्ठ्यावर टेकलात, पाणी मागितलं, आणि मी तांब्या घेऊन येईपर्यंत संपलं सगळं. मयताचा मांडव आधी सोडायचा, घरच्यांना खांब दिसत राहू नयेत, ही तुमची पद्धत. तुमचा मांडव मी एकट्यानं सोडला. कुणाला हात लावू दिला नाही. लोकांना वाटलं पोरगा दुःखात आहे. मी रागात होतो. असं न भांडता निघून जातात का?

नंतर लगेच लग्नाचं निघालं. घरात मयत झाली की वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. मामाची पोरगी समोर होतीच. मी अडून बसलो. वर्ष गेलं आणि मग ती तीन वर्षं मला आयतीच मिळाली. घरच्यांना वाटलं मी तुमच्यासाठी थांबलोय. मी थांबलो होतो मांजरसुंब्याच्या ढाबेवाल्याच्या पोरीसाठी. तीही थांबली. पण तीन वर्षं सरली तसं तिनं सरळ सांगितलं, "घरी सांग, न्हाईतर मला सांग जमत न्हाई म्हणून. मधी लोंबकळत ठेवू नको." ती आपल्या जातीची नाही. आपल्या घराला नाही म्हणायला एवढं पुरेसं आहे.

काल संध्याकाळी मामा ओसरीवर खुर्ची टाकून बसले. तीच जुनी गोष्ट. त्यांच्या पोरीच्या बारशाला तुम्ही पाळण्यात वाकून म्हणाला होतात, ही आमची सून. मामांचा आवाज चढला. "भावजी गेले, त्यांचा शब्द न्हाई गेला."

मी म्हणालो, "मामा, अण्णा बारशाच्या ज्या ज्या मांडवात गेले तिथं त्यांनी हाच शब्द दिलाय. निम्म्या तालुक्यातल्या पोरी सुना करून आणायच्या का?"

आईनं पदर तोंडाला लावला. हसली, मी बघितलं. मामांनीही बघितलं, त्यानं ते जास्तच तापले. "कॉलेज सोडून खांब रोवत हिंडणाऱ्याला मी पोरगी देत होतो. उपकार समज!"

"मग नका देऊ. तिला तरी इचारलंय का?"

विचारलं नव्हतं. ती लातूरला नर्सिंग करतेय, तिला यातलं काही ठाऊक नसणार. दादा मधे पडला. "अण्णा असते तर तुझं तोंड फोडलं असतं."

"फोडलं असतं. अन् मग जेवायला बसवलं असतं."

"म्हंजे दुसरी कुणीतरी हाय. कोण हाय ती?" दादानं विचारलं.

मी सांगितलं. मामा उठून चप्पल शोधायला लागले. दादा माझ्या अगदी पुढ्यात आला आणि म्हणाला, "अण्णांनी असल्या घरची पोरगी उंबऱ्याच्या आत घेतली असती का बे? खरं सांग."

अण्णा, माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. बीडहून येताना आपण तिच्या बापाच्या ढाब्यावर थांबायचो. एकदा तिनं तुम्हाला न विचारता चहात साखर कमी घातली. तुम्ही कुरकुरलात, पण टेम्पोत बसल्यावर मला म्हणालात, ही पोरगी ज्या घरात जाईल ते घर सरळ करंल. तीन वर्षं हे वाक्य मी जपून ठेवलंय. याच वेळेला बाहेर काढायचं म्हणून. पण मामांची उलटी चप्पल सुलटी होत होती आणि माझ्या ध्यानात आलं, पाळण्यापुढचा शब्द जर खरा नाही, तर टेम्पोतलाही नाही. चांगला चहा पाजणाऱ्या कुणालाही तुम्ही असलंच काहीतरी म्हणायचात. तुम्हाला साक्षीला उभं करायचं आणि तुमच्या तोंडात आपलं बोलणं घालायचं, हेच तर सगळे करत आलेत. मी नाही करणार.

मी म्हणालो, "माहीत न्हाई. मी घेणार हाय."

मामा गेले. बऱ्याच वेळानं आई आतून म्हणाली, "आण एकदा तिला. बघते मी. हो म्हणलं न्हाई अजून." आणि मग भाकरी थापायला लागली, रोजच्यापेक्षा जोरात.

तर झालं हे असं. तुम्हाला विचारलं नाही, विचारणारही नाही. तुम्ही असता तरी मी हेच केलं असतं, आणि तुम्ही आडवे आला असता तर तुमच्याशीही भांडलो असतो, दादाशी भांडलो त्याच्या दसपट. दादाशी भांडण्यात काही राम नाही. तो लगेच तुमच्या मागं जाऊन लपतो. रविवारी मी तिला घेऊन येतोय, पुढच्या दारानं.

हा कागद तुमच्या फोटोमागं ठेवायचा नाही, कुणी वाचायचाही नाही. पाठवायला पत्ता असता तरी पाठवला नसता. उत्तर आलं असतं, आणि त्यात तुम्ही नाही म्हणाला असतात तर? काल एवढा मोठ्यानं बोललो, पण याची भीती अजून आहे.