तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित

३ जून, सोमवार. वरकुटे

पोहोचलो एकदाचे! मी, छकुली, दोन पिशव्या आणि एक बादली. बादली कशाला आणलीस, असं छकुलीने वाटेत तीनदा विचारलं. पाच वर्षांची आहे, पण प्रश्न सासूचे. खोली लीलाबाईंच्या घरामागची. खिडकी एकच, पण तिच्यातून ऊसच ऊस दिसतो. आल्या आल्या लीलाबाईंनी चिलापीचं कालवण पुढं ठेवलं. उजनीचा मासा हाय, काटं जपून काढ, म्हणाल्या आणि छकुलीला स्वतःच भरवायला बसल्या.

मालक कुठं असत्यात, असंही त्यांनी विचारलं. ट्रकवर असतात, महिनोन्‌महिने बाहेर, असं मी सांगून टाकलं. खरं सांगायची लाज वाटली. युवराजला सोडून कराडहून कुणाला न सांगता आले, हे फक्त या वहीला माहीत. पत्ता लागला तर तो छकुलीला उचलून नेईल. माझा हात पिरगाळून तसं त्याने सांगितलंच आहे. पण आज इतकं हलकं वाटतंय, की त्याचं नाव जास्त लिहायला नको.

५ जून, बुधवार

इंदापूर स्टँडजवळ दादासाहेबांचं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान. तिथं आजपासून कामाला लागले. दाखले, उतारे, परीक्षांचे फॉर्म. प्रत्येक संकेतस्थळ आधी कुकीज चालतील का म्हणून विचारतं. दादासाहेबांचा नियम एकच: 'मान्य' दाबायचं आन्‌ फुडं जायचं, माणसं खोळंबल्यात.

कुकी म्हणजे बिस्कीट ना, असं लीलाबाईंनी जेवताना विचारलं. म्हटलं, नाही, आपण कुठं गेलो, काय पाहिलं, याची चिठ्ठी ते लोक आपल्याच संगणकात ठेवून जातात. म्हंजी पाव्हण्यानं आपल्याच घरात बसून आपली चुगली लिवायची व्हय, असं त्या म्हणाल्या. इतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नव्हतं.

ब्राउझरमध्ये 'सोबती' नावाचं एक प्लगइन आहे. जुने अर्ज लक्षात ठेवून नवे आपोआप भरतं. सहज त्याची परवानगी वाचली: सर्व संकेतस्थळांवरील तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे. वाचणे समजलं. बदलणे कशाला? बंद करायला गेले तर बटण करडं पडलेलं, दबतच नाही. खाली ओळ: 'तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित'.

दादासाहेबांना दाखवलं तर त्यांची छाती फुगली. आपली संस्थाच हाय की ती, म्हणाले. गावच्या विकास सोसायटीचे ते बत्तीस वर्षं सभासद. संगणक बारामतीतून जुना घेतला तेव्हापासून ही ओळ दिसते, आणि संस्थेचं लक्ष आहे म्हणून ते निर्धास्त आहेत. संस्थेच्या वस्तूला हात लावायचा न्हाय, अशी ताकीद मिळाली. मी बाहेर जाऊन पोटभर हसले.

८ जून, शनिवार

छकुलीचा पहिलीचा अर्ज भरला. जन्मदाखला जुन्या मेलमध्ये होता, म्हणून तो मेल दुकानात उघडला आणि लगेच बंद केला. अर्जात माझं माहेरचं नाव, नवा नंबर, वरकुट्याचा पत्ता. पाठवला.

प्रिंट काढली तर माझं नाव सासरचं. छकुलीच्या पुढं युवराजचं नाव आणि आडनाव. मोबाईलही त्याचाच.

मी हे भरलेलं नाही. दुरुस्त करून पुन्हा पाठवला. पडद्यावर बरोबर दिसलं. प्रिंटवर पुन्हा तेच.

१० जून, सोमवार

सगळ्या कुकीज पुसल्या. इतिहास पुसला. ब्राउझरच काढून नवा टाकला, तेव्हा 'सोबती' गेलं. जुन्या मेलचा पासवर्ड बदलला. गिऱ्हाइकांची साठवलेली लॉगिनं त्यात गेली आणि दादासाहेब चिडले; संस्थेला काय तोंड दावू, म्हणाले. मी त्यांच्या पाया पडायची बाकी राहिले. शेवटी त्यांनी सोसायटीचे सचिव सर्जेराव तात्यांना फोन लावला. तात्या हसले म्हणे. आमी अजून रजिस्टरात लिवतो, आमच्याकडं कसला आलाय काम्पुटर.

दादासाहेबांचा चेहरा उतरला. मग ही संस्था कुणाची, असं त्यांनी मला विचारलं. मला काय माहीत.

दुपारी संगणक सुरू केला. 'सोबती' परत जागेवर.

११ जून, मंगळवार

गिऱ्हाइकाचा उतारा उघडला तर बाजूला जाहिराती कराडच्या. आमच्या गल्लीतल्या दुकानाच्या. गिऱ्हाईक भिगवणचं.

शाळेत गेले. बाई भल्या आहेत. माझ्यासमोर त्यांनी नाव बदललं, नंबर बदलला, जतन केलं. त्या संगणकावर 'सोबती' नव्हतं, मी पाहिलं. हुश्श झालं. बाईंनी पान पुन्हा उघडलं—

युवराजचंच नाव.

ताई, तुमच्याकडूनच बदल आलाय, म्हणाल्या. दुरुस्ती म्हणून. माझ्या नावाने, माझ्या मान्यतेसह. मी तर त्यांच्यासमोर उभी होते.

ते मला दुरुस्त करतंय. मी नवी झाले, ते त्याला चूक वाटतंय.

१३ जून, गुरुवार

प्रवेश निश्चित झाल्याचा मेसेज गेला. मला आला नाही. ज्या नंबरवर जायचा त्यावर गेला.

दादासाहेबांनी संगणकाची वायर काढून ठेवली. बिचारे माझ्याकडे बघत नाहीत. त्यांना सगळं सांगितलं. पोरी, आधी का बोलली न्हाईस, म्हणाले.

माझ्या फोनवर सेटिंग उघडलं. तळाला तीच ओळ— माझ्या फोनवर—

१४ जून, शुक्रवार

दुकानाच्या नंबरवर फोन आला होता. माणूस गोड बोलला म्हणे. सुप्रिया मॅडम किती वाजेपर्यंत असतात, एवढंच विचारलं. दादासाहेब नाही म्हणाले, अशी कुणी नाही. तो हसला आणि बरं म्हणाला.

उद्या शाळा सुरू. छकुलीला पाठवणार नाही. लीलाबाईंजवळ घरीच ठेवते. तिथंच ती सुरक्षित. नवं दप्तर उशाशी घेऊन झोपलीय. आपण चोर नसून चोरासारखं का राहायचं— रडू येतंय.

१५ जून, शनिवार

दुकानात एकटी. दादासाहेब बारामतीला गेलेत, संगणकवाल्याला आणायला. येताना छकुली एसटीपाशी हात सोडेना. लीलाबाईंजवळ दार लावून बस म्हटलं.

अर्जाची प्रिंट पिशवीतून काढून पुन्हा वाचली. नाव 'सोबती'ने बदललं. नंबर बदलला. आडनाव बदललं. पत्ता—

पत्ता नाही बदलला. पत्ता मी भरलेलाच आहे. लीलाबाईंचं घर, वरकुटे. तेवढाच त्याने तसाच ठेवला—

लीलाबाईंना लावते. उचलत नाहीत—

उचलला. एका हाताने लिहितेय, ओळी वाकड्या होतायत. लीलाबाई हरखल्यात. अगं, मालक आल्यात तुझं, ट्रकवरनं थेट हितंच, म्हणतात. मोबाईलमधी छकुलीचा फोटू दावला, नाव-गाव समदं दावलं. चहा ठेवलाय. पाव्हण्यानं दप्तर बी भरलंय पोरीचं—

मी ओरडतेय. जाऊ देऊ नका, लीलाबाई, तो ट्रकवर नसतो, मी खोटं बोलले होते— त्यांना वाटतंय मी आनंदाने रडतेय. मला वरकुट्याची एसटी अर्ध्या तासाने. छकुली मागे विचारतेय, आई येणार का आपल्यासोबत—

थांब, पाव्हण्यांकडंच फोन देती, म्हणतात. मी नको म्हणायच्या आत—