तीन महिन्यांनी परत या

गोरेगाव, जि. हिंगोली

प्रिय रागिणी,

फोन केला की तुझी माय शेजारीच असते, म्हणून कागदावर लिहून राहिलो. तुमच्या गावाकडं निघालेल्या अंजलीताईच्या हाती पाकीट दिलंय. आत काय आहे ते तिला ठाऊक नाही. एकटी असशील तेव्हाच वाच. उलट्या थांबल्या का? आई रोज विचारते, "सूनबाईला माहेरी हट्टा गावात करमतं का?" मेंढ्या बऱ्या आहेत. दोन कोकरं झाली, त्यातलं एक पायानं अधू आहे. पावसानं मेंढ्या कोंडायच्या वाडग्यात नुसता चिखल झालाय.

बकरी ईदच्या आधी आपल्या गल्लीतल्या बजरंगसोबत मेंढे घेऊन मी हैदराबादला गेलो होतो. मेंढे विकले गेले त्या संध्याकाळी आम्ही दारू प्यालो आणि मी एका बाईकडे गेलो. कारण लिहीत नाही, कारण नव्हतंच. परत आल्यावर पंधरा दिवसांत ताप भरला, घसा धरला, अंगावर लाल पुरळ उठलं. तू कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होतीस आणि मला तुझ्याकडं बघवत नव्हतं. लांडग्याची भीती सांगून मी वाडग्यातच झोपायला लागलो. तू एकदा विचारलंस, "माझं काई चुकलं का?" मी म्हणालो, "न्हाई, तुझं काहून चुकंल?" तेव्हाच सांगायला पाहिजे होतं.

जाऊन आल्याला तीन आठवडे झाले तेव्हा हिंगोलीला सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची तपासणी केली. रिपोर्ट निगेटिव्ह आला. मला तिथंच रडू फुटलं. समुपदेशक पुजा मॅडम म्हणाल्या, "भाऊ, हे अजून पक्कं नाही. लागण झाली असली तरी सुरुवातीला ती या तपासणीत दिसत नाही. तीन महिने भरले की परत या. तोवर निरोध वापरल्याशिवाय बायकोजवळ जायचं नाही." मी "व्हय मॅडम, व्हय" म्हणत मान हलवत होतो, पण डोक्यात निगेटिव्ह हा एकच शब्द बसला होता. मॅडमनी दिलेली निरोधाची पाकिटं मी सेनगावच्या रस्त्यावर जीपमधून फेकून दिली. घरात सापडली असती तर तू विचारलं असतंस. येताना तुला हिरव्या बांगड्या आणल्या. तू किती हसलीस. त्या दिवसापासून मी पुन्हा घरात झोपायला लागलो.

पुढं तुला दिवस गेले. आईनं गल्लीत साखर वाटली. सगळे माझ्या पाठीवर थाप मारत होते आणि मला मॅडमचं बोलणं आठवत होतं. तरी मी गेलो नाही. तीन महिने भरायचेत, असं मनाला सांगत राहिलो. खरं म्हणजे भीत होतो. तू माहेरी जाते म्हणालीस तेव्हा मी एका शब्दानं अडवलं नाही. तुला ते लागलं असणार.

रागिणी, तीन महिने भरले आणि मंगळवारी मी गेलो. एकाच रक्ताच्या तीन वेगळ्या तपासण्या केल्या. तिन्ही पॉझिटिव्ह आल्या. माझ्या गोळ्या सुरू झाल्या आहेत, त्या आता जन्मभर. हे पत्र माफीसाठी नाही. तुझं रक्त लगेच तपासायला पाहिजे. येत्या सोमवारी दहा वाजता तुला जवळ पडणाऱ्या वसमतच्या सरकारी दवाखान्यात ये, मी दाराशी उभा असेन. लागण निघाली तर त्याच दिवशी गोळ्या सुरू करायच्या. वेळेवर घेतल्या तर बाळाला बहुतेक काही होत नाही, असं मॅडमनी मला दोनदा सांगितलं. रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी तेवढ्यावर थांबायचं नाही, दवाखान्यात सांगतील तेव्हा पुन्हा तपासायचं. माझ्याशी बोलू नकोस. भावाला घेऊन ये, त्यानं दाराशीच मला मारलं तरी मी हात वर करणार नाही. पण ये.

तुझाच म्हणायचं तोंड राहिलं नाही, तरी तुझाच,
रामकिशन