तुझ्या वहीतला 'तो'

अराक्सी होव्हागिम मेलिकसेत्यान हिस,

आदरपूर्वक नमस्कार. तुझी प्रकृती कशी आहे हे विचारणे आता गैरलागू आहे, याची मला जाणीव आहे. तथापि ते विचारल्यावाचून पत्र सुरू करण्याची मला सवय नाही. माझी प्रकृती उत्तम आहे. (रक्तदाब सोडून.)

चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना परवा यथासांग झाली. पाद्रीबाबांनी 'फ्रेंच साहित्यात आपल्या लोकांचे नाव नेणारी' असा तुझा तीनदा उल्लेख केला आणि 'शोकाकुल परिवार' असा माझा एकदा. काल मी पॅरिसजवळच्या आल्फोरव्हिलमधल्या तुझ्या लिहिण्याच्या खोलीवर गेलो. एकोणीस वर्षे तू तिथे रोज सकाळी जात होतीस आणि तेवढ्या काळात मला एकदाही बोलावले नव्हतेस. (ही तक्रार नाही, नोंद आहे.) टेबलावर तुझी शेवटची वही उघडीच होती. अर्थात फ्रेंचमध्ये. मी ती वाचली. वाचायला नको होती, हे मान्य.

'तो आज पुन्हा रुसला आहे. तासभर मनधरणी केली, तेव्हा कुठे तापला. तो असला की मला घरी जावेसे वाटत नाही.'

अराक्सी, मी भूमिती शिकवणारा माणूस. एवढ्या पुराव्यावर मी सिद्धांत मांडतो. तुझ्या खुर्चीत बसून (तिचा एक पाय आखूड आहे, हेही मला कोणी सांगितले नव्हते) मी फ्रेंच जाणणारे, रुसणारे आणि सकाळी मोकळे असणारे आपल्या ओळखीचे सर्व पुरुष आठवले. आठ निघाले. त्यांतले सहा जण परवा माझ्याच घरी जेवून, माझे हात हातात घेऊन गेले होते. शेवटी घरमालकीण वार्तुहीबाईंना, शक्य तितक्या सभ्य शब्दांत, इथे कोणी येत असे का, असे विचारले.

"यायचा कुठला, इथंच तर मुक्काम त्याचा," त्या म्हणाल्या. "काळा, बुटका, पोट सुटलेला. दोन माणसांनी उचलून वर आणला होता. मास्तर, मागं वळून बघा की जरा."

मागे कोळशाचा स्टोव्ह होता.

आपल्या आर्मेनियनमध्ये तो, ती, ते या सर्वांना मिळून एकच शब्द, 'आन'. बाई असो, बुवा असो, खुर्ची असो, भेदभाव नाही. फ्रेंचांनी मात्र स्टोव्हलासुद्धा पुरुष करून ठेवले आणि त्याची शिक्षा मी भोगली. खरे सांगायचे तर मत्सर त्यानंतरही ओसरला नाही. त्याच्यावर तू इतकी पाने खर्ची घातलीस, मग माझ्यावर किती, हे पाहण्यासाठी मी सगळ्या वह्या चाळल्या. फ्रेंचमधला 'तो' मी कुठेच नाही. पण फ्रेंच ओळींच्या मधोमध, आपल्या लिपीत, एकच शब्द पुन्हा पुन्हा आला आहे. 'आन आज पुन्हा कॉफी उतू घालवून बसला.' 'आन हाक मारत नाही. मी येईपर्यंत दारात उभा राहतो.' या एका शब्दाचे फ्रेंच तुला जमले नाही, की करावेसे वाटले नाही, हे मी विचारणार नाही.

तुझा, फ्रेंच व्याकरणाबाहेरचा,
होव्हागिम

ता. क. स्टोव्ह मी घरी आणला आहे. (दोन माणसे लागली, त्यांतला एक मी.) माझ्या हातून तो पेटत नाही आणि घर फार गार पडले आहे. पत्राचे खरे कारण हेच: त्याची मनधरणी तू कोणत्या भाषेत करत होतीस, तेवढे कळवावे.

आणखी एक ता. क. खोलीला कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या वार्तुहीबाईंकडे परत केल्या.