यादीत शून्य

३ जून
दवाखान्याच्या नव्या पावत्या छापून आल्या. १.२५०,०० मेटिकाल — हजाराला टिंब, सेंटावोंआधी स्वल्पविराम, सगळं मोझांबिकच्या रीतीने जिथल्या तिथे! इंग्रजी थाटाच्या पावत्यांवरून लोक रोज खिडकीशी भांडायचे. डॉक्टरबाई इव्होने म्हणाल्या, "झायनाबो, आता कसं आपलं वाटतं!" सेटिंग बदलायला पाच मिनिटं लागली होती. ते सांगितलं नाही.

९ जून
सलग चौथ्या आठवड्यात कुपोषित मुलांची यादी रिकामी. मे महिन्यात मी बसवलेला प्रोग्राम वजनावरून ती आपणच काढतो. प्रांताच्या कचेरीतून अभिनंदनाचं पत्र आलं. डॉक्टरबाईंनी फ्रेम करायला दिलंय.

१२ जून
कोठारात शेंगदाण्याच्या खुराकाची सहा खोकी कमी. यादीत एकही मूल नाही, मग पाकिटं गेली कुठे? किल्ली नर्स फेलिस्मिनाकडे.
"एकवीस वर्षं नोकरी करून बाजारात पाकिटं विकतेस?" — डॉक्टरबाई.
"दंडाला मापाची पट्टी लावते आणि देते. पोर समोर सुकलेलं दिसतंय, यादी कशाला बघू?" — फेलिस्मिना.
निलंबन. तीस तारखेला निकाल. नोकरी गेली तर पेन्शनही जाणार.
माझा करारही तीस तारखेलाच संपतोय.

१६ जून
फेलिस्मिना सायकल-टॅक्सीने घरी आली, मुकापाताचा — मुगाच्या नारळी भाताचा — डबा घेऊन. "पोरी, तुला त्या मशीनमधलं कळतं. जरा बघ गं, माझ्या हातून काय चुकलं." बघते म्हटलं. मुकापाता चांगला होता, नारळ जरा जास्त.

१८ जून
सापडलं!
वजनकाट्यावरची मावशी मशीनमध्ये भरते ६,४ — सहा किलो चारशे. इथे सगळेच असं लिहितात. छापायचे आकडे मी मोझांबिकच्या सेटिंगवर नेले, भरलेले आकडे वाचायचं काम मात्र इंग्रजीवरच राहिलं. इंग्रजीत स्वल्पविराम फक्त हजार वेगळे करायला. मशीनने तो पुसून टाकला. चौसष्ट किलोचं पोर! गरोदर बायांचं वजनही त्याच रकान्यात, म्हणून मशीनने हूं का चूं केलं नाही.
दुरुस्त करून मेपासूनच्या नोंदी पुन्हा चालवल्या. एकेचाळीस मुलं. सहा खोक्यांचा हिशेब बरोबर लागतो.
चूक माझी. फार लाज वाटली. जेवले नाही.

२० जून
डॉक्टरबाईंना यादी दाखवली. त्यांनी उठून दार लावलं.
"शून्य वर पोचलंय, झायनाबो. आता एकेचाळीस कोणत्या तोंडाने सांगू? जुलैपासून खरी यादी काढ. मागचं मागे."
"आणि फेलिस्मिना?"
"तिचं वय झालंय." मग अगदी गोड आवाजात — "तुझा करार माझ्याच टेबलावर आहे हं."

२५ जून
स्वातंत्र्यदिन. सुट्टी. चौकात भाषणं. फेलिस्मिना गर्दीत दिसली, हात केला. मीही केला.

३० जून
करार मिळाला — दोन वर्षांचा. सही केली.
फेलिस्मिना फाटकाशी उभी होती. "सापडलं का गं काही?"
नाही म्हटलं.